‘हिज लास्ट बो’: तपास नसलेली होम्सकथा वाचायची कशी?

प्रश्न असा आहे: ‘हिज लास्ट बो’मध्ये खून नाही, पुरावे नाहीत, तर्काची साखळी नाही. एक जर्मन हेर, त्याची तिजोरी आणि शेवटी त्याच्या नाकावर दाबलेला क्लोरोफॉर्मचा बोळा, एवढंच. मग ही कथा होम्सच्या नावावर खपवलेला युद्धप्रचार आहे का? आणि रहस्यकथा लिहू पाहणाऱ्याने ती वाचायची तर कशासाठी?

गेली बरीच वर्षं मी रहस्यकथांचं संपादन करतो, नवे लेखक तपासकथा म्हणून काय काय पाठवतात ते वाचतो. त्या अनुभवावरून सांगतो, प्रचार तर तिच्यात आहेच, तपासकथा म्हणून ती लंगडीही आहे, पण फसलेली नाही. तपासकथेत वाचकाला डिटेक्टिव्हपेक्षा कमी कळलेलं असतं आणि त्या कमीपणावर सगळा खेळ चालतो. इथे उलटं आहे. कथा ‘स्ट्रँड’ मासिकात सप्टेंबर १९१७ मध्ये आली आणि घडते २ ऑगस्ट १९१४ च्या रात्री. म्हणजे वाचक तीन वर्षांचं महायुद्ध अंगावर घेऊन बसला आहे आणि पात्रांना उद्याचंही ठाऊक नाही. आर्थर कॉनन डॉयलने ती फट ओळखली आणि तिच्यातच कथा बसवली.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आणि हो, यात शेवट फुटणार आहे. फॉन बोर्क हा कैसरचा अव्वल हेर चार वर्षं इंग्लंडात राहतो आहे. शिकार, पोलो, यॉटच्या शर्यती, तरुण अधिकाऱ्यांबरोबर बॉक्सिंग. खेळकर, दिलदार गृहस्थ म्हणून सगळे त्याला ओळखतात. वकिलातीचा मुख्य सचिव बॅरन फॉन हर्लिंग निरोपाला आलेला आहे. बायको आणि नोकरचाकर आदल्याच दिवशी देशाबाहेर पडलेत, घरात उरली आहे मार्था नावाची एक म्हातारी मोलकरीण. आल्टामॉन्ट हा आयरिश-अमेरिकन खबऱ्या शेवटचा माल, नौदलाचे नवे संकेत, घेऊन यायचा आहे. बॅरन जातो, आल्टामॉन्ट येतो, पुडकं उघडतं आणि आत निघतं मधमाशीपालनाचं पुस्तक. आल्टामॉन्ट म्हणजे होम्स, त्याचा ड्रायव्हर म्हणजे वॉटसन. बस.

आता पहिला प्रसंग बघा. सूर्य केव्हाच बुडालाय, पश्चिमेला उघड्या जखमेसारखा एक लाल पट्टा आहे. बागेच्या कठड्याशी दोघे जर्मन सिगार ओढत बोलताहेत. इंग्लंड लढेल का? त्यांची तयारी नाही, आयर्लंडात यादवी पेटायच्या बेतात आहे, मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायका खिडक्या फोडताहेत. बेल्जियमच्या रक्षणासाठी दिलेल्या शब्दाचं काय? बॅरन म्हणतो, हे उपयुक्ततेचं युग आहे, अब्रू वगैरे मध्ययुगीन कल्पना. १९१७ च्या वाचकाने हे वाचलं तेव्हा त्याच्या घरातलं कुणीतरी फ्लँडर्सच्या चिखलात होतं, नाहीतर तिथून परत आलंच नव्हतं. त्या वाचकाला या गप्पांत रहस्याची गरजच नव्हती. दोन शहाण्यांचा हिशेब चुकताना समोर बसून पाहणं पुरेसं होतं.

याच प्रसंगात बॅरनला खिडकीतून मार्था दिसते. दिव्यापाशी बसून विणकाम करते आहे, अधूनमधून शेजारच्या काळ्या मांजराला थोपटते आहे. तो हसून म्हणतो, ही तर साक्षात ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री! आपल्यातच गुंग, सुखाने पेंगत बसलेली. थोड्या वेळाने तिच्या खिडकीतला दिवा विझतो. म्हातारी झोपायला गेली असं फॉन बोर्कला वाटतं, पहिल्या वाचनात आपल्यालाही. शेवटी कळतं की दिवा मालवणं हीच खूण होती: पाहुणा गेला, रस्ता मोकळा आहे. मार्था होम्सनेच पेरलेली. मालकाने आज सात पत्रं टाकली, पत्ते नेहमीप्रमाणे टिपून ठेवलेत, हेही ती सहज सांगते.

मला ही कथा आवडते ती या दिव्यासाठी. बॅरनची उपमा अगदी बरोबर आहे, फक्त ‘पेंगणारी’ हा शब्द चुकला, आणि त्या एका शब्दावर पूर्ण राजकीय मुद्दा उभा आहे. सूत्र वाचकाच्या डोळ्यांसमोर, तेही खलनायकाच्या विनोदात लपवून ठेवलंय. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत सूत्र लपवायचं म्हणजे ते वाचकाला दाखवायचंच नाही अशी समजूत सर्रास दिसते. त्या लेखकांना मी हा दिवा दाखवतो.

मार्थाने पत्ते टिपले हा तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण कथेतल्या सगळ्या हेरगिरीत प्रत्यक्षाला सर्वांत जवळचा तोच आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश गुप्तचर खात्यात प्रतिहेरगिरीचं काम व्हर्नन केलकडे होतं. माणसं मूठभर. त्यांचं खरं हत्यार म्हणजे टपाल. लंडनच्या कॅलेडोनियन रोडवर कार्ल गुस्ताव अर्न्स्ट नावाचा न्हावी होता. गुस्ताव श्टाइनहाउअर हा जर्मन अधिकारी आपल्या हेरांची पत्रं त्याच्यामार्फत फिरवायचा. केलच्या माणसांनी ती पत्रं मधल्यामध्ये उघडून वाचायची, पत्ते टिपायचे आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवायची, असं कित्येक महिने चालवलं. ऑगस्ट १९१४ मध्ये अर्न्स्टला धरलं, पुढे सात वर्षांची सक्तमजुरी झाली. युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री मॅकेना यांनी एकवीस हेर किंवा संशयित हेर पकडल्याचं सभागृहात सांगितलं. त्या यादीतले खरे किती यावर इतिहासकार अजून भांडतात. पण त्या जाळ्यात फॉन बोर्कच्या तोलामोलाचा कुणी नव्हता. चार घोड्यांची गाडी हाकून बक्षिसं मिळवणारा रुबाबदार हेर ही कादंबऱ्यांची देणगी. युद्धापूर्वीची दहाएक वर्षं विल्यम ल क्यूसारखे लेखक इंग्लंडात जर्मन हेरांचं पीक आलंय असं लिहून खपाचे आकडे वाढवत होते. डॉयलने खलनायक तिथून उचलला आणि मोलकरीण, कळत असो वा नकळत, केलच्या कचेरीतून.

अशीच गंमत नौदलाच्या संकेतांची. कथेत जर्मनांना ब्रिटिश संकेत हवे आहेत. प्रत्यक्षात झालं उलट. २६ ऑगस्ट १९१४ ला ‘माग्डेबुर्ग’ ही जर्मन क्रूझर बाल्टिक समुद्रात खडकावर चढली. तिची सांकेतिक पुस्तकं रशियनांच्या हाती पडली आणि त्यातली एक प्रत त्यांनी लंडनला दिली. नौदल मुख्यालयातल्या ‘रूम ४०’ या संकेत फोडणाऱ्या शाखेने त्यावर युद्धभर जर्मन संदेश वाचले. डॉयलला याची कुणकुणही असायचं कारण नव्हतं. खऱ्या हेरगिरीत तिजोरी फुटत नव्हती, कारकून बसून आकडे जुळवत होते. ते कथेत आणलं असतं तर १९१७ च्या वाचकाने जांभई दिली असती.

तिजोरीवरून आठवलं, कथेतला सर्वांत वाईट भाग तोच. फॉन बोर्क आल्टामॉन्टला फुशारकीने सांगतो की कुलपाला एक शब्द आणि एक आकडा लागतो आणि दोन्ही त्याने चार वर्षांपूर्वी ठरवलेत: शब्द ‘ऑगस्ट’, आकडा १९१४. म्हणजे जर्मनीने युद्धाची तारीख १९१० मध्येच मुक्रर केली होती म्हणे! हे रहस्यकथेच्या अंगाने हास्यास्पद आहे, कारण इतका कसलेला हेर स्वतःच्या कुलपाची चावी खबऱ्याला, तीही काम संपायच्या आधी, सांगणार नाही. इतिहासाच्या अंगानेही टिकत नाही. जून १९१४ मध्ये सारायेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडली गेली नसती तर त्या कुलपाचं काय झालं असतं? पण हे वाक्य फॉन बोर्कसाठी नाहीच, ‘युद्ध कुणी सुरू केलं’ या प्रश्नाचं ते सरकारी उत्तर आहे. २ सप्टेंबर १९१४ ला सरकारी युद्धप्रचाराचे प्रमुख चार्ल्स मास्टरमन यांनी वेलिंग्टन हाउसमध्ये नामवंत लेखकांची बैठक बोलावली, कलमाने युद्धाला हातभार लावायला सांगितलं. डॉयल त्या बैठकीला होता. मासिकात कथेचं उपशीर्षक होतं ‘शेरलॉक होम्सची युद्धसेवा’. पुस्तकात ते बदलून ‘उपसंहार’ झालं. पहिलं उपशीर्षक जास्त प्रामाणिक.

प्रचाराचा आणखी एक धागा मराठी वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. होम्स अमेरिकन का होतो? कथेत त्याचं वर्णन साठीचा उंच, काटकुळा, बोकडदाढीचा माणूस, व्यंगचित्रांतल्या ‘अंकल सॅम’ची, म्हणजे अमेरिकेच्या प्रतीकाची, आठवण करून देणारा, असं आहे. त्याची गाडी छोटी फोर्ड, बॅरनची शंभर अश्वशक्तीची बेंझ. अरुंद रस्त्यात बेंझ फोर्डला जवळजवळ धडकतेच. अमेरिका ६ एप्रिल १९१७ ला युद्धात उतरली, कथा पाच महिन्यांनी आली आणि त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ‘कोलिअर्स’मध्येही छापली गेली. अंकल सॅमच्या चेहऱ्याचा इंग्लिश डिटेक्टिव्ह फोर्डमधून उतरून कैसरच्या हेराची मानगूट पकडतो, याहून वेगळं निमंत्रणपत्र काय हवं? पण इथे प्रचार कथेत मुरलेला आहे, तिजोरीसारखा वर तरंगत नाही. आल्टामॉन्टची रांगडी अमेरिकन बोली ऐकायला मजा येते. त्याने इंग्लंडच्या राजाबरोबर राजाच्या इंग्रजीशीही युद्ध पुकारलंय असं फॉन बोर्क म्हणतो. नंतर होम्स स्वतःच कुरकुरतो की आपली भाषा कायमची बाटली बहुतेक.

आता आल्टामॉन्ट या नावाकडे या. डॉयलच्या वडिलांचं नाव चार्ल्स आल्टामॉन्ट डॉयल. घराणं मूळचं आयरिश कॅथलिक, लेखक डॉयलचा जन्म एडिनबरोचा. आणि होम्सने हे सोंग उभं केलं कसं? शिकागोत सुरुवात, बफेलोत एका आयरिश गुप्त संघटनेत दीक्षा, मग आयर्लंडमधल्या स्किबरीनला पोलिसांच्या डोक्याला ताप. तेव्हा कुठे फॉन बोर्कच्या माणसाची नजर त्याच्यावर गेली. दोन वर्षं गेली या सगळ्यात. ही कथा लिहिली गेली ती रॉजर केसमेंटच्या फाशीनंतर. केसमेंट डॉयलचा मित्र. काँगोतल्या अत्याचारांविरुद्ध दोघांनी एकत्र आवाज उठवला होता. पुढे तो आयरिश स्वातंत्र्यासाठी जर्मनीच्या मदतीला गेला, एप्रिल १९१६ मध्ये जर्मन पाणबुडीतून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरला, पकडला गेला आणि ३ ऑगस्ट १९१६ ला फासावर चढला. त्याला माफी मिळावी म्हणून डॉयलने अर्ज फिरवला, सह्या गोळा केल्या. त्याच डॉयलने वर्षभरात जर्मनीला मिळालेला आयरिश बंडखोर रंगवला, त्याला बापाचं नाव दिलं आणि आतून तो निष्ठावान इंग्लिश माणूस निघाला असं दाखवलं. याचा अर्थ काय लावायचा ते प्रत्येकाने ठरवावं. मला तरी हे निव्वळ सरकारी काम वाटत नाही, कुठेतरी खोल सल असल्याशिवाय बापाचं नाव इथे येत नाही.

आपल्याकडच्या वाचकाने हा भाग वाचताना टाळ्या वाजवायच्या आधी जरा थांबावं असं मला नेहमी वाटतं. कथेच्या तिजोरीत ‘आयर्लंड’ आणि ‘इजिप्त’ असे कप्पे आहेत, हिंदुस्थानचा नाही. वास्तवात मात्र तो कप्पा भरलेला होता. अमेरिकेतून परतलेल्या गदर क्रांतिकारकांनी जर्मन मदतीच्या भरवशावर फेब्रुवारी १९१५ मध्ये लष्करी उठावाचा बेत केला. तो फुटला कारण किरपाल सिंग नावाचा माणूस क्रांतिकारक म्हणून आत शिरला आणि पोलिसांना बातम्या देत राहिला. त्या कटातले विष्णू गणेश पिंगळे आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे. मीरतच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले, १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी गेले. बफेलोच्या त्या संघटनेत होम्सने जे केलं आणि लाहोरात किरपाल सिंगने जे केलं, त्यात पद्धत एकच. डॉयलच्या इंग्लिश वाचकाला ‘सोंग’ दिसलं. आपल्याला ‘फितुरी’ही दिसते, आणि दोन्ही एकदम दिसणं हा कथा वाचायचा तोटा नाही. होम्सच्या सोंगामुळे बफेलोत, स्किबरीनला किती खरे आयरिश पोरगे तुरुंगात गेले असतील, हा प्रश्न कथा विचारत नाही. आपण विचारावा.

दोष आणखीही आहेत, ते भराभर सांगतो. फॉन बोर्क फारच भोळा. त्याची पाच माणसं एकामागून एक पकडली जातात, आल्टामॉन्ट त्याच्या तोंडावर तसं सुनावतो, तरी त्याला शंका येत नाही. होम्सला कथेत कधीच खरा धोका नाही. वॉटसनला गाडी चालवणं आणि शेवटी वाइनचा पेला उचलणं याखेरीज काम नाही. कथा हार्विचजवळच्या किनाऱ्यावर घडते आणि तिथे पांढऱ्या खडूचे उंच कडे दाखवलेत. तसे कडे त्या भागात नाहीत, ते दक्षिणेला डोव्हरकडे. डॉयलला भूगोलाची पर्वा कधीच फारशी नव्हती. शिवाय सगळं युद्धाच्या दोन दिवस आधी घडत असल्याने होम्सची कारवाई कायद्यात बसत नाही. हे फॉन बोर्क बोलून दाखवतो आणि होम्स हसत कबूल करतो. हा शेवटचा दोष मात्र मला आवडतो. होम्सने नियम कधी पाळले होते?

तृतीयपुरुषी निवेदनाबद्दल लोक तक्रार करतात. होम्सच्या छप्पन्न लघुकथांत असं निवेदन फक्त दोनदा आहे, इथे आणि १९२१ च्या ‘मॅझरिन स्टोन’मध्ये. ‘मॅझरिन स्टोन’मधलं खरंच ओढूनताणून आणलेलं वाटतं, कारण ती मुळात नाटिका होती. इथे पर्याय नव्हता. कठड्यापाशी वॉटसन नाही, आणि कथेचं सगळं बळ त्या कठड्यापाशी आहे. वॉटसनने नंतर ऐकून सांगितलं असतं तर बॅरनचं ब्रिटानियावरचं वाक्य मेलं असतं.

हेरगिरी आणि तर्क एका कथेत नांदत नाहीत असंही समजू नका. डॉयलनेच १९०८ मध्ये ‘ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स’ लिहिली. पाणबुडीचे आराखडे चोरीला गेलेत, ऑल्डगेटजवळ भुयारी रेल्वेच्या रुळांशेजारी एका कारकुनाचं प्रेत आहे, खिशात तिकीट नाही, रुळांवर रक्त जवळपास नाही. तिथून होम्स प्रेत डब्यात नव्हतं, डब्याच्या टपावर होतं इथवर पोहोचतो. अस्सल तपास, आणि हेरही आहे. मग १९१७ मध्ये तो हात कुठे गेला? माझं उत्तर: १९०८ मध्ये शांतता होती, आराखडे सापडले की गोष्ट मिटत होती. १९१७ मध्ये काहीच मिटत नव्हतं. १९१६ साली डॉयल आघाड्यांवर जाऊन आला होता. तिथे एका फ्रेंच सेनापतीने त्याला विचारलं, शेरलॉक होम्स इंग्लिश सैन्यात आहे का? सैन्यात जाण्याइतका तो तरुण राहिला नाही, असं काहीतरी पुटपुटून त्याने वेळ मारून नेली. लोकांना होम्सकडून कोडं नको होतं, तो आपल्या बाजूने आहे एवढा भरवसा हवा होता. त्याच वर्षी डॉयलचा मुलगा किंग्जली सोमच्या लढाईत जखमी झालेला.

शेवटच्या ‘पूर्वेच्या वाऱ्या’च्या संवादावर एवढ्यासाठीच मी कठोर होऊ शकत नाही. होम्स म्हणतो, पूर्वेकडून वारा सुटतोय. वॉटसन म्हणतो, छे, चांगलं उबदार आहे की. मग होम्स सांगतो की हा वारा गार आणि बोचरा असेल, आपल्यातले पुष्कळ जण त्यात कोमेजतील, पण वादळ सरल्यावर अधिक स्वच्छ, अधिक बळकट देश उन्हात उभा असेल. घडून गेलेलं भविष्य पात्राच्या तोंडी घालणं ही सोपी युक्ती आहे, हे मान्य. पण वाक्याचा उत्तरार्ध पाहा. कोमेजण्याबद्दल डॉयलला १९१७ मध्ये ठाऊक होतं, उन्हाबद्दल नव्हतं. तिथे तो भाकीत करत नाही, आस धरून बसला आहे. किंग्जली ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्लूच्या साथीत गेला. तो संवाद पुढच्या महायुद्धातही कामाला आला. १९४२ च्या ‘शेरलॉक होम्स अँड द व्हॉइस ऑफ टेरर’ या चित्रपटाचा शेवट त्याच्यावरच केलाय. आणि डॉयल? तो या संवादावर थांबत नाही. होम्स लगेच म्हणतो, गाडी काढ वॉटसन, माझ्याकडे पाचशे पौंडांचा चेक आहे, फॉन बोर्कने थांबवायच्या आत वटवायला हवा. जर्मन पैशाचा तो चेक नसता तर संवाद भाषण होऊन बसला असता.

लिहिणाऱ्यांनी काय घ्यावं? युद्धकाळात कोडं आणि हेरगिरी दोन्ही सांभाळायची असतील तर अगाथा ख्रिस्तीची ‘एन ऑर एम?’ वाचा, १९४१ ची. तिने युद्ध बाहेर ठेवलं आणि समुद्रकाठच्या एका बोर्डिंग हाउसमधल्या पाहुण्यांत हेर लपवला. बंदिस्त जागा, मोजके संशयित, म्हणजे तिचा नेहमीचाच मांड. त्यातल्या एका पात्राचं नाव मेजर ब्लेचली, आणि ब्लेचली पार्क हे संकेत फोडणारं गुप्त ब्रिटिश केंद्र, त्यामुळे खऱ्या गुप्तचर खात्याची झोप उडाली होती, तो किस्सा वेगळाच. डॉयलचा मार्ग अवघड आहे, कारण त्यात वाचकाला आधीच माहीत असलेल्या गोष्टीवर ताण उभा करावा लागतो. तो मार्ग धरायचा असेल तर आधी ‘ब्रूस-पार्टिंग्टन’ वाचा, मग ‘लास्ट बो’ लागोपाठ दोनदा. दुसऱ्या वेळी होम्सकडे लक्ष देऊ नका, मार्थावर नजर ठेवा.